शाळेच्या दाराशी थांबलेला मुलगा : रशियन चित्रांतील खेड्याचे बालपण

१/
सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात १८९७ सालचे एक चित्र आहे. शाळेच्या दारात खेड्यातला एक मुलगा उभा आहे. ठिगळे लावलेले कपडे, पाठीशी झोळी, हातात काठी. आत वर्ग भरला आहे. मुलाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, कारण तो आपल्याकडे पाठ करून आत पाहतो आहे. या दारापर्यंत पोहोचायला रशियन चित्रकलेला पाऊणशे वर्षे लागली. त्या वाटचालीचा हा धागा.
#इतिहास #चित्रकला #थ्रेड

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपातील कला अकादमींत चित्रविषयांची एक उतरंड असे. पुराणकथा, संतचरित्रे, राजे आणि लढाया सर्वांत वर. सामान्य माणसांच्या रोजच्या जगण्यातील प्रसंग, म्हणजे ज्यांना 'जॉन्र' चित्रे म्हणतात, ते बरेच खाली. आपण त्यांना जनजीवनचित्रे म्हणू. एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, चित्रे विकत घेणारा नवा शहरी वर्ग तयार झाला आणि या चित्रांना बरकत आली.

३/
याच काळात फ्रान्स, ऑस्ट्रिया, इंग्लंड, अमेरिका अशा अनेक देशांत खेड्यातील मुले कॅनव्हासवर दिसू लागली : गुरे राखणारी, खेळणारी, आजीजवळ बसलेली. धुराने भरलेल्या शहरात राहणाऱ्या गिऱ्हाइकाला ही चित्रे हरवलेल्या निरागसतेची आठवण करून देत. रशियात मात्र या विषयाला एक वेगळीच धार होती. तेथे १८६१ पर्यंत खेड्यातील मूल बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचे असे.

४/
भूदासप्रथा म्हणजे काय, हे येथे स्पष्ट असलेले बरे. जमिनीबरोबर त्या जमिनीवरील शेतकरी कुटुंबेही जमीनदाराच्या ताब्यात असत. त्याच्या परवानगीवाचून त्यांना गाव सोडता येत नसे. भूदासाचे मूल जन्मतःच भूदास. मुक्तीच्या वेळी खाजगी जमीनदारांच्या ताब्यातील अशा माणसांची संख्या दोन कोटींहून अधिक होती. जनजीवनचित्रातला गोड गुराखी पोरगा त्यांच्यापैकीच एक असे.

५/
या मुलांकडे गांभीर्याने पाहणारा पहिला मोठा रशियन चित्रकार म्हणजे अलेक्सेई वेनेत्सियानोव्ह (१७८०–१८४७). राजधानीतील सरकारी नोकरी सोडून तो त्व्येर प्रांतातील साफोन्कोव्हो या आपल्या छोट्या जहागिरीवर राहायला गेला आणि समोर दिसणारी माणसे रंगवू लागला. १८२५ च्या 'झाखारका' या चित्रात खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक मुलगा आहे. विशेष म्हणजे चित्राला त्या मुलाचे नाव आहे. शेतकऱ्याच्या पोराचे व्यक्तिचित्र, आणि तेही नावानिशी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

६/
त्याच दशकातील त्याचे 'कापणी करणारे' हे चित्र अधिक हृद्य आहे. आई आणि मुलगा कापणीतून क्षणभर थांबले आहेत. आईच्या एका हाती विळा आहे, दुसऱ्या हातावर फुलपाखरे बसली आहेत, आणि दोघेही श्वास रोखून ती पाहत आहेत. दिवसभराच्या राबण्यातला एवढाच क्षण त्या दोघांचा स्वतःचा. वेनेत्सियानोव्हची माया खरी होती यात शंका नाही. पण हेही विसरता येत नाही की समोर उभे राहणारे ते मायलेक आणि त्यांना रंगवणारा जमीनदार यांच्यातले नाते बरोबरीचे नव्हते.

७/
त्यामुळे या चित्रांत शांतता आहे, प्रकाश आहे, कष्टाची चाहूलही आहे. मालक मात्र कोठेच नाही. मुकादम नाही, चाबूक नाही, वसुली नाही. मालक चित्राबाहेर आहे, कारण तो चित्राच्या समोर उभा आहे, हातात कुंचला घेऊन. जनजीवनचित्र पाहताना 'यात काय दिसते' या प्रश्नाइतकाच 'हे कोठे उभे राहून पाहिले आहे' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, तो येथून.

८/
वेनेत्सियानोव्हने आपल्या घरी एक कलाशाळा चालवली आणि तीत काही भूदास मुलांनाही घेतले. त्यांतला सर्वांत गुणी शिष्य ग्रिगोरी सोरोका. १८४० च्या दशकात सोरोकाने 'कोळी' नावाचे चित्र रंगवले : संथ तळे, नावेत एकजण आणि काठावर गळ घेऊन बसलेला मुलगा. खेड्यातले बालपण येथे खेड्यातल्याच, आणि मालकीच्या बेडीत असलेल्या, माणसाने रंगवले आहे. त्या चित्रात कोणी कोणाकडे कौतुकाने पाहत नाही. पाणी स्थिर आहे आणि मुलगा आपल्या कामात गढलेला आहे.

९/
सोरोकाला मुक्त करावे म्हणून वेनेत्सियानोव्हने त्याच्या मालकाकडे, मिल्युकोव्हकडे, रदबदली केली. उपयोग झाला नाही. सोरोका स्वतंत्र झाला तो १८६१ च्या सर्वसाधारण मुक्तीनेच. पुढे जमिनीच्या अटींवरून गावकऱ्यांचा जमीनदाराशी तंटा झाला, तक्रारअर्जांत सोरोकाने पुढाकार घेतला आणि त्यापायी त्याला शिक्षा फर्मावली गेली. १८६४ साली त्याने स्वतःचे जीवन संपवले. कुंचला हाती आला होता, पण पायाखालची जमीन कधीच त्याची झाली नाही.

१०/
१८६१ च्या मुक्तीने व्यक्ती म्हणून शेतकरी स्वतंत्र झाला. जमीन मात्र फुकट मिळाली नाही. तिची किंमत ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. ही हप्तेवसुली थांबली ती १९०७ साली. म्हणजे 'स्वतंत्र' पिढीतले मूल कर्ज डोक्यावर घेऊनच जन्मत होते. घरातले एक खाणारे तोंड कमी व्हावे आणि पोर काही कसब शिकावे, म्हणून खेड्यातली अनेक मुले शहरातल्या कारागिरांकडे उमेदवारीला धाडली जात.

११/
चित्रकलेतही बंड शिजत होते. १८६३ साली राजधानीच्या कला अकादमीने सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी नॉर्स पुराणकथेतला विषय दिला : वाल्हालातील मेजवानी. इव्हान क्राम्स्कॉयसह १४ विद्यार्थ्यांनी तो नाकारून अकादमी सोडली. भोवती देश ढवळून निघत असताना परक्या देवांची पंगत का रंगवायची, असा त्यांचा सूर होता. १८७० साली फिरत्या प्रदर्शनांची मंडळी स्थापन झाली. १८७१ पासून तिची प्रदर्शने शहरोशहरी जाऊ लागली. हेच ते 'पेरेद्विझ्निकी', म्हणजे फिरस्ते चित्रकार.

१२/
या मंडळीच्या संस्थापकांपैकी एक वासिली पेरोव्ह. एका बॅरनचा हा अनौरस मुलगा, त्यामुळे वडिलांचे आडनाव त्याला मिळाले नाही. 'पेरो' म्हणजे लेखणी. सुरेख हस्ताक्षरामुळे बालपणीच्या शिक्षकाने दिलेले 'पेरोव्ह' हे टोपणनावच पुढे त्याची ओळख झाले. १८६१ साली त्याने गावातली ईस्टरची मिरवणूक रंगवली, मद्यधुंद पाद्र्यासकट. चित्र प्रदर्शनातून उतरवले गेले आणि त्याच्या प्रती छापण्यावर बंदी आली. प्रौढांविषयी खरे बोलायची किंमत त्याला कळली होती.

१३/
१८६६ साली त्याने 'त्रोइका' रंगवले. रशियन माणसाला या शब्दाने तीन घोड्यांची भरधाव गाडी आठवते. पेरोव्हच्या चित्रात घोड्यांच्या जागी तीन मुले आहेत. हिवाळ्याच्या संधिप्रकाशात, मठाच्या भिंतीजवळच्या चढावर, ती पाण्याचे भले मोठे पिंप घसरगाडीवरून ओढत आहेत. पिंपावर गोठलेले पाणी लोंबते आहे. बाजूला एक कुत्रा धावतो आहे. चित्राचे उपशीर्षक सांगते की ही कारागिरांची उमेदवार मुले आहेत. म्हणजे कसब शिकायला आलेली आणि पाणी वाहायला जुंपलेली.

१४/
येथे एका कायद्याची नोंद घ्यायला हवी. १८८२ साली रशियात १२ वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामाला लावण्यास बंदी झाली आणि १२ ते १५ वयाच्या मुलांचे काम दिवसाला ८ तासांवर आणले गेले. पाऊल मोठे होते. पण ते कारखान्यांपुरते होते. कारागिरांची लहान दुकाने, म्हणजे 'त्रोइका'तली मुले जेथे राबत होती तीच जागा, त्या कायद्याच्या बाहेर राहिली.

१५/
'त्रोइका'च्या मधल्या मुलाची हकीकत पेरोव्हने स्वतः लिहून ठेवली आहे. दोन मुले सापडली होती, मधला चेहरा मिळेना. एके दिवशी मॉस्कोच्या वेशीजवळ त्याला यात्रेला निघालेली एक खेडूत स्त्री आणि तिचा मुलगा दिसला. तिचे नाव मार्या, मुलाचे वास्या. नवरा आणि बाकीची मुले तिने आधीच गमावली होती. उरला होता तो हा एकटा. चित्र काढले की माणूस खंगतो, अशी समजूत असल्याने ती आधी तयार होईना. अखेर पेरोव्हने तिचे मन वळवले आणि वास्या मधला मुलगा झाला.

१६/
काही वर्षांनी तीच स्त्री पेरोव्हच्या दाराशी आली. वास्या देवीच्या साथीत गेला होता. घरातले होते नव्हते ते विकून, कष्ट करून तिने पैसे जमवले होते. तिला ते चित्र विकत हवे होते. चित्र तोवर मॉस्कोचा व्यापारी व संग्राहक पावेल त्रेत्याकोव्ह याच्याकडे गेले होते. पेरोव्ह तिला तेथे घेऊन गेला. भिंतीभर चित्रांतून तिने आपले पोर नेमके ओळखले आणि त्या चित्रापुढे गुडघे टेकून ती प्रार्थना करू लागली.

१७/
पेरोव्हने नंतर वास्याचे वेगळे चित्र करून तिच्या गावी पाठवले. तिने ते घरातल्या देवप्रतिमांशेजारी लावले, असे तो सांगतो. ही कथा चित्रकाराने साहित्यिक ढंगात लिहिलेली आहे, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती जपूनच वाचावी. पण तिच्यातून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट होते. प्रेक्षकासाठी ते चित्र बालमजुरीचे प्रतीक होते. मार्यासाठी त्यात मजुरी नव्हती, समाज नव्हता, कलाही नव्हती. तिच्यासाठी तो वास्या होता.

१८/
सगळीच चित्रे इतकी थंडगार नव्हती. अकादमी सोडणाऱ्या १४ जणांपैकी एक, कॉन्स्तान्तिन माकोव्स्की, याने १८७२ साली 'वादळापासून पळणारी मुले' रंगवले. आभाळ काळवंडले आहे. एक मुलगी धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन डळमळीत साकवावरून धावते आहे. तिच्या ओच्यात रानातून वेचलेली अळिंबी आहे. रशियात हे चित्र आजही घराघरांत ओळखीचे आहे, आणि ते सुंदर आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. माकोव्स्की पुढे उमराव वर्गाचा लाडका आणि महागडा व्यक्तिचित्रकार झाला.

१९/
या गोड चित्रातही वाचण्यासारखे पुष्कळ आहे. ती मुलगी खेळायला गेलेली नाही. अळिंबी म्हणजे हिवाळ्याच्या शिध्याची बेगमी. पाठीवरचा भाऊ म्हणजे आई शेतात असताना तिच्यावर आलेली जबाबदारी. त्या काळच्या युरोपीय रशियात जन्मलेल्या दर चार बालकांतील साधारण एक पहिला वाढदिवस पाहत नसे. जे जगत, त्यांपैकी कित्येकांना अशाच कुठल्या तरी आठ-दहा वर्षांच्या बहिणीने सांभाळलेले असे. माकोव्स्कीने हे श्रम लपवले नाहीत. त्याने ते इतके देखणे केले की ते श्रम आहेत हे पाहणाऱ्याच्या लक्षातच येऊ नये.

२०/
आता कुंचला पुन्हा खेड्याच्या हाती येतो. शेतकरी घरातून आलेले चित्रकार फिरत्या मंडळीत होतेच; 'आजीच्या गोष्टी' (१८६७) रंगवणारा वासिली माक्सिमोव्ह हा त्यांतला ठळक. पण मुलांच्या चित्रांसाठी ज्याचे नाव घेतले जाते तो निकोलाय बोग्दानोव्ह-बेल्स्की. जन्म १८६८, स्मोलेन्स्क प्रांतातला. आई भूमिहीन शेतमजूर, वडिलांचे नाव नाही. 'बोग्दान' म्हणजे देवाने दिलेला. बेली या तालुक्यावरून 'बेल्स्की' हे नाव नंतर जोडले गेले. पेरोव्हप्रमाणेच याचेही आडनाव बापाकडून आलेले नव्हते.

२१/
हा मुलगा पोहोचला तातेव्हो गावच्या शाळेत. ती चालवणारा सेर्गेई राचिन्स्की एक विलक्षण माणूस होता. मॉस्को विद्यापीठातला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पिशीज'चा पहिला रशियन अनुवादक (१८६४). १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने विद्यापीठ सोडले, तो आपल्या जहागिरीवर परतला आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवू लागला. निकोलायचा हात पाहून त्याने त्याला आधी मठातल्या देवप्रतिमांच्या चित्रशाळेत आणि मग मॉस्कोच्या कलाविद्यालयात पाठवण्याची सोय केली.

२२/
१८९५ साली शिष्याने गुरूचा वर्ग रंगवला : 'तोंडी हिशेब'. फळ्यावर एक गणित आहे. १०, ११, १२, १३ आणि १४ यांच्या वर्गांची बेरीज करून तिला ३६५ ने भागायचे, तेही कागदाला हात न लावता. फळ्याभोवती अकरा मुले. कोणी हनुवटीला हात लावून, कोणी वर पाहत विचार करते आहे. एकाला उत्तर सापडलेले दिसते. तो गुरुजींच्या कानात कुजबुजतो आहे.

(युक्ती अशी : १०० + १२१ + १४४ = ३६५ आणि १६९ + १९६ = ३६५. म्हणून उत्तर २.)

२३/
आधीच्या चित्रांशी तुलना केली की या चित्राचे मोल कळते. वेनेत्सियानोव्हचे मूल पाहण्याजोगे आहे, पेरोव्हचे कीव येण्याजोगे, माकोव्स्कीचे लाडके. बोग्दानोव्ह-बेल्स्कीची मुले प्रेक्षकाला काहीच मागत नाहीत. ती विचार करत आहेत. आपल्याला त्यांच्यापुढे उभे राहून गणित सोडवावे लागते आणि बऱ्याचदा ती मुले आपल्या आधी उत्तरापर्यंत पोहोचतात. शेतकऱ्याच्या पोराला बुद्धी आहे, हे १८९५ साली रंगवून सांगणे हा निव्वळ रंगरेषांचा प्रश्न नव्हता.

२४/
कारण आठच वर्षांपूर्वी, १८८७ साली, शिक्षणमंत्री देल्यानोव्ह यांचे एक परिपत्रक निघाले होते. गाडीवान, नोकरचाकर, स्वयंपाकिणी, धोबिणी, लहान दुकानदार यांच्या मुलांना माध्यमिक शाळांत प्रवेश देण्यावर त्याने अंकुश घातला. इतिहासात ते 'स्वयंपाकिणीच्या मुलांचे परिपत्रक' या नावाने कुप्रसिद्ध आहे. अपवादानेच एखादे हुशार मूल पुढे जावे, असा त्याचा रोख होता. बोग्दानोव्ह-बेल्स्की हा तसाच अपवाद ठरला असता.

२५/
येथे दोन गोष्टी प्रांजळपणे मांडल्या पाहिजेत. एक : राचिन्स्की हा बंडखोर नव्हता. त्याची शाळा चर्च आणि श्रद्धा यांच्या पायावर उभी होती. साम्राज्यातला सर्वांत प्रभावी प्रतिगामी नेता पोबेदोनोस्त्सेव्ह त्याचा स्नेही होता. शेतकऱ्याला शिकवणारे सगळे एकाच विचाराचे नव्हते. दोन : 'तोंडी हिशेब' मध्ये एकही मुलगी नाही. वादळातून भावाला पाठीवर घेऊन धावलेली ती मुलगी या वर्गात पोहोचलेली नाही.

२६/
१८९७ साली साम्राज्याची पहिली सार्वत्रिक जनगणना झाली. साक्षर किती? २१.१ टक्के. पुरुषांत २९.३, स्त्रियांत १३.१. आणि त्याच वर्षी बोग्दानोव्ह-बेल्स्कीने 'शाळेच्या दाराशी' रंगवले, जेथून हा धागा सुरू झाला. त्या मुलात अनेकांनी चित्रकाराचे स्वतःचे बालपण पाहिले आहे. दारातला तो एकटा मुलगा म्हणजे उरलेल्या ७९ टक्क्यांपैकी एक.

२७/
आता त्याच्या पाठीकडे पुन्हा पाहू. वेनेत्सियानोव्हपासून माकोव्स्कीपर्यंत मुलाचा चेहरा प्रेक्षकासाठी होता. त्यावरून प्रेक्षक कौतुक, दया किंवा आनंद ठरवत असे. येथे चेहराच काढून घेतला आहे. आपण मुलाच्या मागे, त्याच्याच बाजूला उभे आहोत. तो जे पाहतो तेच आपल्याला दिसते : बाके, वह्या, खाली वाकलेली डोकी. आत जावे की मागे वळावे, हा प्रश्न त्याचा आहे आणि तो त्याच जागेवरून पाहावा लागतो. असे दार स्वतः ओलांडलेल्या माणसालाच ही जागा सुचावी, हे नवल नव्हे.

२८/
खेड्यातल्या बालपणाचे कोणतेही जुने चित्र पाहताना तीन प्रश्न सोबत ठेवावेत. या मुलाचे नाव कोणी नोंदवले आहे का? रंगवणारा त्याच्याशी कोणत्या नात्याने बांधलेला होता? आणि हे चित्र कोणाच्या भिंतीवर लागले? झाखारका आणि वास्या यांची नावे उरली. वादळातल्या मुलीचे उरले नाही.

२९/
बोग्दानोव्ह-बेल्स्की क्रांतीनंतर १९२१ मध्ये रीगाला गेला. तेथेही तो खेड्यातली मुलेच रंगवत राहिला. १९४५ साली बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. 'त्रोइका' आणि 'तोंडी हिशेब' ही दोन्ही चित्रे आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहेत. 'तोंडी हिशेब' पुढे उभे राहून अजूनही माणसे ओठांतल्या ओठांत वर्गांची बेरीज करतात. 'त्रोइका' पुढे उभे राहिलात तर मधल्या मुलाकडे जरा जास्त वेळ पाहा. त्याचे नाव वास्या होते.

धागा समाप्त.